दाराकडचा काठ

सुरुवातीला नुसत्या बारीक रेघा होत्या. ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या काठावरून आपण रोज घसरत आत बसतो आणि घसरतच बाहेर पडतो. तिथला रंग उडाला आणि भेगा दिसायला लागल्या. मी त्यावर चामड्याचं क्रीम चोळत बसले. भक्तिभावाने, दर आठवड्याला. गाडीतल्या चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर आणखी एक प्लास्टिकसारखा पातळ थर. क्रीम त्या वरच्या थरावरच चमकत राहतं, भेग आपल्या जागी. हे उशिरा कळलं. मग भेगा बुजवायची लांबी आणि मिळताजुळता रंग आणून लावला. दीड महिना काठ अगदी नव्यासारखा दिसला. त्यानंतर त्याच वळणावर पुन्हा चीर पडली, आणि या खेपेला रंगच नव्हे, चामडंच फाटलं. चिरेत बोट घातलं तर पिवळट भुगा बोटाला लागला.

त्या भुग्याकडे तेव्हाच नीट बघितलं असतं तर हे सगळं काम मला एकदाच करावं लागलं असतं. मी दोनदा केलं.

मला शिवणकाम येतं. त्यामुळे कव्हर बदलणं म्हणजे जरा अवघड आकाराच्या उशीला अभ्रा घालणं, असा माझा समज होता. जुन्या कव्हरवरून चढवायची तयार कव्हरं मिळतात, ती मला नको होती. ती सरकतात, गोळा होतात आणि खालची चीर वाढतच राहते. जुनं काढून तिथे त्याच मापाचं नवं बसवायचं होतं. ते घरी शिवायचा मोह झाला, पण माझ्या मशीनची कुवत मला ठाऊक आहे. हे चामडं मिलिमीटरभर जाड, शिवणीच्या जागी त्याचे दोन-तीन थर, शिवाय खालून चिकटवलेला पातळ फोम. सुई तुटली असती किंवा टाके सुटले असते. म्हणून माझ्या गाडीच्या मॉडेलचं, मूळ कापणीवर शिवलेलं फक्त बैठकीचं कव्हर मागवलं.

फक्त बैठकीचं का, तर पाठ धड होती आणि पाठीत एअरबॅग आहे. सीटच्या पाठीच्या दाराकडच्या बाजूला शिवणीजवळ ‘एअरबॅग’ असं लिहिलेली छोटी चिठ्ठी किंवा खूण असेल, तर तिथली शिवण साधी नसते. एअरबॅग फुगताना ती ठरल्या जागी, ठरल्या जोराने फाटावी अशा हिशेबाने तिचा दोरा आणि टाका निवडलेला असतो. आपल्याला मजबूत शिवण म्हणजे चांगली शिवण वाटते. इथे मजबूत शिवण घातक. तिथे हात घालायची हिंमत मला झाली नाही आणि कुणी हौशी माणसाने करूही नये असं माझं मत आहे. वरून चढवायच्या कव्हरांबद्दलचा माझा दुसरा आक्षेपही हाच. एअरबॅगसाठी जागा न ठेवलेलं कव्हर ती वाट बंद करून टाकतं.

नवं कव्हर घडी घालून खोक्यातून आलं. घड्या इतक्या कडक की ते कव्हर आहे की पुठ्ठा, कळेना. तासभर उन्हात पसरून ठेवल्यावर मऊ पडलं.

सीट काढायला चार बोल्ट. दोन पुढे, दोन मागे, सगळे प्लास्टिकच्या टोपणांखाली. सीट पुढे सरकवली की मागचे दिसतात, मागे सरकवली की पुढचे. मी सीट पुढे घेतली, मागचे दोन सोडवले. मग सावधगिरी म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि मोठ्या ऐटीत पुढच्या बोल्टकडे वळले. माझी सीट विजेवर सरकते. बॅटरी काढलेली. सीट पुढेच अडकून बसलेली आणि पुढचे बोल्ट तिच्या पोटाखाली. पुन्हा बॅटरी जोड, सीट मागे घे, पुन्हा बॅटरी काढ. सीट हाताने सरकत असेल तर तुमच्यावर ही वेळ येणार नाही.

बोल्टचं डोकं चांदणीच्या आकाराचं होतं. त्याला बरोबर त्याच मापाचं टॉर्क्सचं टोक लागतं. एक माप लहान टोकही आत जातं आणि बसल्यासारखं वाटतं. जोर लावला की आतले दाते झिजवून ठेवतं. मागच्या डाव्या बोल्टच्या बाबतीत मी त्या वाटेवर होते, वेळेत थांबले.

बॅटरी काढल्यावर लगेच सीटखालच्या तारांना हात लावायचा नाही. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. मी पंधरा मिनिटं थांबले, मगच सीटखालचे जोड सोडवले. पिवळ्या रंगाचा जोड एअरबॅगचा. त्याला दुहेरी खटका असतो, नुसता ओढून निघत नाही. आधी छोटी पट्टी सरकवायची, मग दाबायचं. पाठ बैठकीवर दुमडली, दाराच्या उंबऱ्यावर जुनी चादर टाकली आणि नवऱ्याच्या मदतीने सीट बाहेर काढली. विजेवर चालणारी सीट दिसते त्यापेक्षा बरीच जड असते, आणि तिच्या खालच्या रुळांचे कोपरे दाराच्या रंगाला टपूनच असतात. एकट्याने उचलू नये.

सीट अंगणात, गाडी रिकामी. मुलगा आत जाऊन सीटच्या जागी मांडी घालून बसला आणि म्हणाला, “आई, गाणी लावू?” मी ओरडलेच. बॅटरी सुटलेली असल्यामुळे काही लागलं नसतं, पण ती सवय नको. पिवळा जोड सुटलेला असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो, त्या बिघाडाची नोंद गाडीच्या स्मृतीत राहते, आणि बऱ्याच गाड्यांत ती पुसायला बिघाड वाचणारा स्कॅनर लावावा लागतो.

बाजूचं प्लास्टिकचं आवरण एका लपलेल्या स्क्रूने आणि तीन खटक्यांनी बसलं होतं. एक खटका तुटला. तो आजही तुटलेलाच आहे. बैठक पाठीपासून सुटी केली, उलटी केली आणि तिथेच माझी अभ्र्याची कल्पना मोडली.

कव्हरच्या कडांना प्लास्टिकच्या लांब पट्ट्या शिवलेल्या असतात. त्यांचा छेद इंग्रजी जे अक्षरासारखा, आणि तो आकडा खालच्या लोखंडी सांगाड्याच्या काठावर अडकवलेला. हे सोपं. पट्टी आत दाबून खाली ओढली की सुटते. जुन्या पट्ट्या ठिसूळ होतात, म्हणून आधी केस वाळवायच्या ड्रायरने कोमट केल्या. चारही बाजू सुटल्या, आणि तरी कव्हर निघेना. मधोमध घट्ट धरून ठेवलेलं.

सीटवर आपल्याला ज्या खोल रेघा दिसतात, मधला भाग आणि बाजूचे उंचवटे वेगळे करणाऱ्या, त्या नुसत्या शिवणी नसतात. तिथे फोममध्ये खोल खाच असते आणि खाचेच्या तळाशी फोममध्येच ओतलेली एक तार. कव्हरला उलट्या बाजूने, बरोबर त्याच रेषेवर, नेफा शिवलेला असतो. परकराला असतो तसाच नेफा, फक्त आत नाडीच्या जागी पोलादी तार. नेफ्यातली तार आणि फोममधली तार यांना लोखंडी कड्यांनी एकत्र आवळलेलं असतं. या कड्यांना हॉग रिंग म्हणतात. सीटचा आकार म्हणजे हे आवळणं. बाहेरच्या कडा फक्त शेवटची ओढ देतात.

माझ्या बैठकीत अठरा कड्या होत्या. खाच दोन्ही हातांनी फाकवायची, आत टॉर्चचा उजेड पाडायचा, कटरचं तोंड घालायचं आणि कडी तोडायची. तुटलेल्या कडीचं टोक सुईसारखं असतं. हातमोजे घालून काम करा. मी चौथ्या कडीनंतर घातले, तिसऱ्या आणि चौथ्या कडीमुळे. प्रत्येक तुकडा मोजून डबीत टाकला, कारण एखादा फोममध्ये राहिला तर तो एक दिवस बसणाऱ्याला नक्की सापडतो. सीट गरम करायची चटई असेल तर ती बहुधा फोमला चिकटवलेली असते आणि कव्हर उचलताना तिच्या तारांना जपावं लागतं. माझ्या सीटला ती नव्हती.

जुनं कव्हर हातात आल्यावर ते फेकायचं नाही. नव्या कव्हरला नेफे होते, पण आत तारा नव्हत्या. जुन्यातल्या काढून घालाव्या लागल्या. हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता माझी चूक. कव्हर काढल्यावर फोम समोर उघडा होता. दाराकडचा उंचवटा दबलेला, टोकाला तुटलेला, खाली भुग्याची छोटी रांगोळी. मी काय केलं, तर उरलेल्या फोमचे तुकडे त्या खड्ड्यात चेपले, वर चिकटपट्टी लावली आणि नवं कव्हर चढवायला घेतलं. कड्या आवळायची पक्कड नव्हती म्हणून प्लास्टिकचे पट्टे वापरले, वायरी बांधायचे असतात ते. दोन्ही तारांभोवती घालून ओढायचे आणि शेपूट कापायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सीट गाडीत बसली. फोटो काढून सगळ्यांना पाठवले. वाहवा झाली.

चार दिवसांत दाराकडच्या काठावर बोटभर सुरकुती आली. आठवड्याने दोन. प्रत्येक वेळी आत बसताना कव्हर त्या बाजूला किंचित फिरायचं, सैल पडायचं आणि नेमकं त्याच वळणावर दुमडायचं. मी नव्या कोऱ्या चामड्यावर जुन्या भेगेची जागा आखून दिली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. चामडं घासून फाटतं हे खरंच, पण माझं फाटलं ते खालचा आधार गेल्यामुळे. आधार गेला की चामडं रोज एकाच रेषेवर मुडपतं, आणि एकाच घडीवर रोज मुडपलेली कुठलीही गोष्ट तिथेच फाटते. क्रीम, लांबी, रंग, नवं कव्हर, सगळे उपाय मी वरच्या कातडीवर करत होते.

तर पुन्हा सीट बाहेर. या वेळी आधी सीटच्या जागा ठरवल्या, मग बॅटरी काढली. प्लास्टिकचे पट्टे कापून टाकताना जराही वाईट वाटलं नाही. त्यांचं डोकं जाड असतं, खाचेत नीट बसत नाही, आणि दोन ठिकाणी ते चामड्याखाली हाताला लागत होतं. तात्पुरत्या कामाला ठीक.

फोम सांगाड्यावरून पूर्ण उचलला. पहिल्या वेळी मी तो उचललाच नव्हता. खालून बघितल्यावर भुग्याचं कारण कळलं. दाराकडच्या बाजूला सांगाड्याची लोखंडी कड फोमला टेकते. मध्ये कापडाचा जाड थर होता, तो घासून आरपार गेला होता, आणि मग उघडं लोखंड आणि फोम एकमेकांवर वर्षानुवर्षं घासत राहिले. वरून बसणाऱ्याचं वजन, खालून लोखंडाची धार. दोन्ही उंचवट्यांवर आडवी पट्टी ठेवून मोजलं. दाराकडचा भाग आतल्या बाजूपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली. शिवाय त्या बाजूच्या खाचेतली तार चार बोटं लांबीवर फोम फाडून वर आलेली. म्हणजे कव्हर तिथे कशालाच धरून नव्हतं.

इथे शेवटी माझं शिवणकाम उपयोगी पडलं. आतल्या बाजूचा उंचवटा धड होता. त्याचा छेद तीन ठिकाणी पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि पुठ्ठे उलटे करून बाहेरच्या बाजूचे खाके बनवले. खराब फोम ब्लेडने सरळ कापून काढला, भुगा होणारा कणही ठेवला नाही, कारण गोंद भुग्याला चिकटतो आणि भुगा कशालाच चिकटत नाही. नवा तुकडा घट्ट फोमचा घेतला. गादीतला मऊ फोम इथे चालत नाही, बसताना उंचवट्यावर सगळं वजन क्षणभर एकाच जागी येतं. अंगठ्याने जोरात दाबून जुन्या चांगल्या भागाशी ताडून बघत गेले. जुना थोडा कडक लागतो, तेवढा हवा.

चिकटवायला दोन्ही बाजूंना लावायचा कॉन्टॅक्ट गोंद. लावून लगेच जोडायचा नाही. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, आणि मग टेकवला की संपलं, सरकवायची सोय नाही. मी तुकड्यावर आणि फोमवर पेनाने जुळणाऱ्या खुणा आधीच करून ठेवल्या होत्या. त्याचा वास डोक्यात जातो, उघड्यावरच करा. रात्रभर वाळू दिला. सकाळी करवतीच्या पात्याने ढोबळ आकार आणि जाड सॅंडपेपरने शेवटचा गोल. दर दोन मिनिटांनी पुठ्ठा लावून बघायचा. फोमची धूळ नाकात जाते, तोंडाला फडकं हवं. या कामात मला विलक्षण मजा आली, खरं सांगायचं तर कव्हर चढवण्यापेक्षा जास्त.

उखडलेल्या तारेवरून कॅनव्हासच्या तीन पट्ट्या घेतल्या, फोमला चीर देऊन त्यांची टोकं खालच्या बाजूला काढली आणि ओढून तिथे चिकटवली. सांगाड्याच्या कडेला जाड फेल्टचा दुहेरी थर. सगळ्यात वर पॉलिएस्टर वॅडिंगचा पातळ पदर, म्हणजे जुन्या-नव्या फोमचा सांधा चामड्यातून दिसत नाही.

दुसऱ्या वेळी कड्यांची खरी पक्कड आणली. तिच्या तोंडात खाच असते, उघडी कडी तीत अडकून राहते आणि एका हाताने दाबता येते. मधल्या आडव्या खाचेपासून सुरुवात, मग दोन्ही उभ्या खाचा, मधून बाहेर. प्रत्येक कडीत दोन्ही तारा आल्या की नाही हे बोटाने चाचपून बघायचं. फोमचाच घास घेतलेली कडी ओढ बसल्यावर फोम फाडत वर येते. अठरापैकी तीन मला पुन्हा घालाव्या लागल्या. दाराकडच्या नव्या उंचवट्यावर कव्हर सरकेना, कारण वॅडिंग चामड्याला पकडून ठेवते. त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी पसरली, कव्हर तिच्यावरून सर्रकन गेलं, मग पिशवी बाजूने ओढून काढली. मग पुढची पट्टी, मागची, आतली, आणि दाराकडची सगळ्यात शेवटी. ती अडकवायला दोघं लागलो. नवऱ्याने गुडघ्याने फोम दाबला आणि मी दोन्ही अंगठ्यांनी पट्टी सांगाड्यावर चढवली. पहिल्या वेळी हीच पट्टी एका हाताने बसली होती. तेव्हाच शंका यायला हवी होती.

उरलेल्या बारीक चुण्यांसाठी वाफ. जुन्या कव्हरच्या तुकड्यावर आधी करून बघितली, आणि बरं झालं. इस्त्री जवळ धरल्यावर ते चामडं बघता बघता आकसलं आणि कडक झालं. मग नव्यावर सुती फडकं टाकून, इस्त्री वीतभर वर धरून, थोडी थोडी वाफ दिली आणि तळहाताने मधून कडेला सारत गेले. पुढच्या आतल्या कोपऱ्यात एक चुणी राहिली आहे. मला दिसते.

परत बसवताना चारही बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवले. एक आधी आवळला तर चौथा भोकाशी येतच नाही. मग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, शेवटचं आवळणं, माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 45 न्यूटन मीटर दिलं होतं. तुमचा आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा, अंदाजाने सोडू नका, अपघातात सीट या चार बोल्टांवरच असते. तारा सांगाड्याखाली चिरडत नाहीत ना हे बघत सीट पूर्ण पुढे-मागे सरकवण्याची तपासणी बॅटरी जोडल्यावर. पिवळा जोड खट् आवाज येईपर्यंत. बॅटरी सगळ्यात शेवटी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, ते काही सेकंद मी श्वास धरून होते, आणि विझला.

मग चालवायला बसले. मधल्या आरशात मागची काच अर्धीच दिसत होती. बाहेरचे आरसेही चुकलेले. कुणी हलवले म्हणून मुलाकडे बघितलं, तर तो आरशांच्या जवळपासही नव्हता. मी स्वतःच वर बसले होते. पहिल्यांदा सीट बसवली तेव्हा आरसे जसेच्या तसे बरोबर होते. तिन्ही आरसे पुन्हा लावले.